हैबतरावांचा वरचा मजला

हैबतरावांनी मालेगावात नव्हे, आमच्या मुळशीतल्या माले गावात नवं घर बांधायचं ठरवलं, इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते मजल्यावर.

"बैठं बांधा," बायको सारजाबाई म्हणाल्या. "तुमचं गुडघं काय आता जिना चढायचं न्हाईत."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" हैबतराव कडाडले. (उठताना ते 'आई गं' म्हणत, ते निव्वळ मातृप्रेमापोटी.)

खरं कारण रस्त्यापलीकडे उभं होतं. चुलतभाऊ भिवाजीनं गेल्या वर्षी दुमजली घर बांधलं होतं, वर निळ्या काचांची गॅलरी. त्याच्यासमोर बैठं घर म्हणजे भावकीत खाली मान घालून राहायचं, आणि हैबतरावांची मान तर डॉक्टरांनीच खाली घालायची नाही असं सांगितलं होतं.

सून स्नेहल हिंजवडीला आयटीत. तिच्याकडे काहीही करण्याआधी ट्रायल घेतात. "मामा, आठ दिवस माळ्यावर राहून बघा ना. जमलं तर दुमजली, नाही जमलं तर बैठं."

"आठ काय, म्हैनाभर ऱ्हाईन!"

भाताची पोती सरकवून माळ्यावर गादी पडली, शिडी लागली. पहिल्याच सकाळी वरून हुकूम सुटला, "च्या पाठव!"

"वर च्या येत न्हाई. खाली या."

हैबतराव उतरले. चहा झाला, पेपर उघडला तर चष्मा वर. चढले. चष्मा सापडला तोवर मोबाईल खाली वाजायला लागला. उतरले. एक बाई त्यांना हिंदीतून जिमची मेंबरशिप देत होती. दुपारपर्यंत एवढी चढउतार झाली, की तेवढ्यात सिंहगड झाला असता.

तिसऱ्या दिवशी शिडीवर पाय टाकायला गेले आणि उजवा गुडघा वाकेचना. ते तसेच माळ्याच्या तोंडाशी बसून राहिले. नेमका तेव्हाच भिवाजी आला.

"दादा, वर काय करताय?"

"हवा खातोय." (माळ्याला खिडकी नव्हती.)

"बरं हाय तुमचं. आमी तर वास्तुशांतीपास्नं वर गेलोच न्हाई. गड्यांनी कांदं पसरल्यात तितं. आमी दोघं हालमधीच निजतो. जिना चढवतोय कुणाला?"

"आन ती गॅलरी?"

"ती तुमी रस्त्यावरनं बगायला हाय."

हैबतरावांना इतकं बरं वाटलं, की गुडघ्याची कळसुद्धा क्षणभर थांबली. मग भिवाजीनं आणखी तिघांना हाक मारली आणि चौघांनी मिळून त्यांना पोतं उतरवावं तसं खाली उतरवलं.

रविवारी इंजिनिअर अनिमेष दोन्ही नकाशे घेऊन आला. "काय ठरलं, काका?"

हैबतराव खुर्चीत रेलले. "बैठंच बांधा, सायेब. माझं काय, मी चार मजलं चढंन. पण हिचं गुडघं पार गेल्यात. बायकोसाठी एवढं तरी कराया पायजे."

अनिमेष भारावला. त्यानं दुमजली नकाशाची गुंडाळी केली आणि हैबतरावांकडे आदरानं पाहिलं.

तेवढ्यात शिडी करकरली. कडेवर तांदळाची पाटी घेतलेल्या सारजाबाई एका हातानं शिडी धरून माळ्यावरून झपझप उतरल्या, पाटी ठेवली आणि काखेतली काठी काढून नवऱ्यापुढं धरली.

"घ्या. वरच राह्यली व्हती. सायबांना पोचवाया उठायचं आसंल न्हवं?"