नंदाचं इंग्रजी कितीला पडलं

परबांच्या घरातल्या प्रत्येक चपलेच्या पट्ट्यावर आतल्या बाजूला बॉलपेनाने तारीख लिहिलेली असायची. चप्पल तुटली की परब बोटांवर महिने मोजायचे आणि आमच्या दारात येऊन सांगायचे, "वहिनी, ही महिना तीन-ऐंशी पडली. गेल्या वेळची तीन-दहा पडली होती. दुकानदार बिघडला."

बल्बच्या होल्डरला चिठ्ठी, छत्रीच्या दांड्याला चिठ्ठी. साबणाची वडी किती दिवस गेली तेही कॅलेंडरवर. त्यांची बायको शालन एकदा वैतागून म्हणाली, "आणि मी कशी पडले?"

परब विचारात पडले. "तुझा हिशोब अजून चालू आहे," म्हणाले.

आमची चाळ डोंबिवलीत मानपाडा रोडला. मी सांगते ते नव्वद सालच्या आसपासचं. परब एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. लोक त्यांना कंजूष म्हणायचे, पण ते खरं नाही. कंजूष माणूस पैसे देत नाही. परब द्यायचे, फक्त देण्याआधी आठ दिवस समोरच्याचं डोकं खायचे.

त्यांना एकच मुलगी, नंदा. ती बारावी आर्ट्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिने जाहीर केलं, "मी ठाण्याच्या कॉलेजात जाणार. इंग्रजी घेऊन बीए, मग एमए."

परबांनी वहीचं मधलं जोडपान फाडलं आणि चौकशीला निघाले. टायपिंग क्लासवाला झाला, नंदाच्या शाळेतल्या बाई झाल्या. बसच्या रांगेत इंग्रजी पेपर वाचत उभ्या असलेल्या एका माणसालाही त्यांनी गाठलं. "साहेब, इंग्रजीचे महिना किती सुटतात?" तो माणूस रांग सोडून गेला.

मग माझ्याकडे आले. "वहिनी, इंग्रजीत बीए झालेला माणूस नेमकं करतो काय?"

"मी चौथी पास. मला काय विचारता? बोलत असेल इंग्रजी."

"बोलण्याचे पैसे कोण देतं?"

"वकिलाला देतात की."

"ते भांडण्याचे देतात," परब म्हणाले आणि पानावर काहीतरी खोडलं.

निकाल रविवारी गॅलरीत लागला. नंदा, शालन आणि मी. मी एवढ्यासाठी, की चाळीची भिशी माझ्याकडे होती आणि व्याज मला तोंडपाठ होतं. परबांनी पान गुडघ्यावर पसरलं. टायपिंग सहा महिने, लगेच हजार-बाराशेची नोकरी, क्लासची फी दोन महिन्यांत वसूल. इंग्रजीला पाच वर्षं. कारखान्याच्या पतपेढीचं दहा हजार कर्ज, त्याच्यावर व्याज, आणि पाच वर्षं घरात येणार नाही तो पगार वेगळा. पुढे नोकरी लागेल ती शाळेत, तीही संस्थेची मर्जी असली तर.

"नंदा, तुझं इंग्रजी बाराव्या वर्षी फिटतं. एवढी छत्रीसुद्धा टिकत नाही."

"मी छत्री आहे का?" नंदा म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने टायपिंगचा फॉर्म आणला. घरात बोलणं बंद. इंग्रजी पुस्तकं तिने बांधून माळ्यावर टाकली. मी परबांना म्हटलं, "भावोजी, पोरीचं तोंड बघवत नाही."

"हिशोब खोटा आहे का?"

"नाही."

"मग?"



दोन आठवड्यांनी, रविवारीच, कारखान्यातली चार माणसं चाळीत आली. सोबत स्टीलचा हा एवढा हंडा, त्याला लाल रिबीन. पुढे पतपेढीचे सेक्रेटरी म्हात्रे.

"परबीण बाई, मुलीचं लग्न ठरलं आणि आम्हाला पेढा नाही?"

शालनचे हात कणकेत. "कोणाचं लग्न?"

"तुमच्या नंदाचं! परबांनी स्वतःच्या हाताने अर्ज भरलाय. कर्जाचे कारण, लग्नकार्य. दहा हजार मंजूर झाले, परवा उचललेसुद्धा."

नंदा बाहेर आली ती पांढरीफटक. "टायपिंगला हो म्हटलं ना मी? मग लग्न कशाला लावताय?"

तेवढ्यात परब भाजी घेऊन जिना चढून आले. हंडा बघितला आणि उंबऱ्यातच थांबले.

"मुलगा कोण आहे?" शालन ओरडली.

"मुलगा नाही."

"मग?"

"इंग्रजी आहे," परब म्हणाले.

कोणाला काही कळेना. शेवटी परबांनीच सांगितलं. "शिक्षणाला पतपेढी तीन हजार देते आणि लग्नाला दहा. तीन हजारात कुठलं एमए होतं?"

"अरे पण परब, मी कमिटीला काय सांगू?" म्हात्र्यांनी कपाळाला हात लावला.

"सांगा, वरात पाच वर्षं चालणार आहे."

म्हात्रे आधी चिडले, मग हसायला लागले. "हंडा ठेव आता. खऱ्या लग्नाला मात्र चमचासुद्धा मिळणार नाही. आणि हप्ता चुकला तर मीच वाजंत्री घेऊन येईन." चहा पिऊन ती माणसं गेली.

नंदा हसली नव्हती. "बाबा, तुम्हीच म्हणालात ना, बाराव्या वर्षी फिटतं म्हणून? माझ्यासाठी कर्जात पडू नका. मी टायपिंगच करते. पैसे परत करा."

परबांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला. "आधीच्या हिशोबात चूक होती. मी परत मांडला. आठव्या वर्षी फिटतंय."

"माझं मन राखायला सांगताय."

"मग वहिनींना दाखव. त्या कोणाची भीड ठेवत नाहीत."

कागद माझ्या हातात आला. फी होती, पुस्तकं होती, ठाण्याचा पास होता, डब्याची भाजीसुद्धा धरली होती. सगळं पैशापर्यंत. मी दोनदा वाचलं. कर्जाचं व्याज कुठेच नव्हतं.

मी वर बघितलं. परब माझ्याकडे बघत नव्हते. खाली बसून मेथीची जुडी सोडून निवडायला लागले होते. जन्मात त्यांनी कधी भाजी निवडली नव्हती. देठं भांड्यात आणि पानं केरात टाकत होते.

"काकू, खरं सांगा," नंदा म्हणाली. "बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "पुस्तकं खाली काढ."

आणि कागद तिच्या हातात न देता घडी घालून परबांच्या खिशात ठेवला. व्याज तिलाही काढता येत होतं.