वाऱ्याचा विमा

नंदाखाल गावच्या आग्नेलभाऊंच्या गळ्यात काही मारील असा एजंट अजून जन्माला यायचा होता! हे तेच सांगत. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दारात, मोठ्याने.

मेलरॉय विमा एजंट होता, पण त्याआधी त्यांच्या बायकोचा, रेजिनाबाईंचा, भाचा होता. तो आला, केळीच्या वाडीत हिंडला, राजेळीच्या घडांवरून नवरदेवाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. विम्याचं चकार अक्षर नाही. जाताना फक्त एक उसासा!

"काय झालं रे?"

"काही नाही, अंकल. शेजारच्या केनीअंकलनी विमा काढला. वाऱ्याने त्यांची केळी पडली तर पैसे. तुमची पडली तर... नुसताच वारा."

केनी! केळी वाळवून केलेली सुकेळी कुणाची गोड यावरून ज्यांच्याशी दरवर्षी वाजायचं, ते केनी! आग्नेलभाऊंनी उभ्या उभ्या अख्ख्या वाडीचा विमा काढला.

"अहो, घड भरलेत, बांबूचे टेकू लावा," रेजिनाबाई म्हणाल्या.

"विमा काढून वर टेकू? रेनकोट घालून छत्री धरू काय!"

आणि वारा आला. असा आला की सगळी वाडी लोटांगण घालून मोकळी! वर्षाची मेहनत चिखलात, आणि आग्नेलभाऊ मधून वरबापासारखे मिरवताहेत. पलीकडे केनींची केळी टेकूंवर ताठ उभी.

"तुम्ही तर विमा काढला होता ना?"

"मी? छे! मी बांबू आणले."

आग्नेलभाऊंनी मेलरॉयला धरलं. "काढणार होते, अंकल. मनात होतं त्यांच्या! पण तुमचा दावा नामंजूर झालाय. केळी पडून चालत नाही. वारा मोजायच्या मशिनीवर दिसावा लागतो. त्या दिवशी तिथे शून्य आहे."

"शून्य? मग वाडी काय लाजून आडवी झाली?"

त्याला स्कूटरवर मागे बसवून आग्नेलभाऊ थेट ती मशीन बसवलेल्या सरकारी इमारतीत गेले. गच्चीवर नुसता खांब! मशीन खाली, वॉचमनच्या खाटेखाली, गोणपाटात गुंडाळलेली.

"वारा काय सुटला होता, साहेब! म्हटलं उडून जाईल. सोडवून आणली खाली."

"अहो, तो वाराच मोजायला ठेवली होती ना तिला!"

"आणि मोडली असती तर? तिचा काय विमा काढलाय?"

आग्नेलभाऊ मटकन जिन्यावर बसले. आता नात्यातलं माणूसच काही करील म्हणून त्यांनी मोठ्या आशेनं मेलरॉयकडे पाहिलं.

मेलरॉय खाटेच्या कडेला टेकला होता आणि वॉचमनला अगदी मायेनं विचारत होता, "काका, घरी कोण कोण असतं?"