मुक्या रातकिड्यांचे वर्तमान

वाचा देणाऱ्या शारदेस वंदन करून, राज्यात घडले वर्तमान लिहिले जाते. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सरी दरबारच्या गायिका तुंगाबाई यांणी तंबोरा खाली ठेविला आणि राजियांस विनंती केली की, "महाराज, आता निरोप द्यावा. डोळे बाळपणीच देवीच्या आजारात गेले, आता कान चालले. बागेतले रातकिडे ऐकू येत नाहीत. वैद्य म्हणतात, उतारवयात बारीक सूर आधी जातो." राजे चपापले आणि कान देऊन बसले आणि मग बोलिले, "बाई, आम्हांसही ऐकू येत नाही. कधीपासोन, तेही ध्यानी नाही." मग बागेचे दरोगा हैबतराव यांस बोलाविले. त्यांणी गवत चाळून एक रातकिडा आणिला आणि बाईंच्या तळहाती ठेविला, आणि तो पंख उभारून झपझप घासू लागला. थरथर तळहातास कळली. कानाशी नेला तरी नाद नाही. बाई म्हणाल्या, "राव, याचे गाणे कोणी नेले?"

हैबतराव बोलिले, "काही वर्षांमागे परमुलखीच्या चाऱ्यातून बारीक माशी आली, बाईसाहेब. ती गाण्याचा माग काढी आणि गाणाऱ्याच्या अंगावर अळ्या सोडी, आणि अळ्या त्यास आतून खात. जो मोठ्याने गाई तो आधी मरे. एखादाच जन्मतः सपाट पंखांचा, नादाचे दाते नसलेला, मुका. तो माशीस सापडेना. तो गाणाऱ्याशेजारी दबून बसे आणि गाणे ऐकून मादी आली की तिला गाठी. त्याची पोरे बहुत मुकी, ती वाचली, आणि त्यांची पोरेही मुकी. वर्षात यांच्या कैक पिढ्या होतात."

"म्हणजे भिऊन गप्प जाहले?"

"नाही. गाणारा अखेरपर्यंत गातच मेला. मुके उरले."

"मग हा पंख का घाशितो?"

"गातो आहे, बाईसाहेब. त्यास काय ठाऊक, नाद निघत नाही!"

न फौज, न फर्मान, आणि मरणाने निवडीत निवडीत अवघी जात पालटली, आणि आपण त्याच बागेत गात होतो, हे बाईंच्या मनी आले. मग त्यांणी किडा जपून गवतात सोडिला आणि तंबोरा मांडीवर घेतला.

येणेप्रमाणे गाणारी जात मुकी जाहली आणि तगली. बाईंचे कान शाबूत ठरले, चाकरी चालली. मात्र पहिला सूर लावण्याआधी बाई क्षणभर थांबून बागेकडे कान देत. राजे ते पाहात आणि कारण पुसत नसत.