चावऱ्या दोलची तपासणी

मोक्पो बंदरातल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातला दोल हा पिवळा कुत्रा आजवर तीन माणसांना चावला होता आणि दोन घरांतून परत आला होता. पुन्हा आला की त्याला कायमचं झोपवायचं, असं ठरलं होतं. नेमका तोच क्वाक मालसुकने मागितला. बोटीची तिकिटं विकण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. वादळात फेरी रद्द झाल्यावर खिडकीवर येणारी माणसं तिने पाहिली होती, त्यामुळे दात दाखवणाऱ्याचं तिला काही वाटत नसे.

निवाऱ्यातला प्यो कळवळून म्हणाला, "काकू, इथे ऐंशी गरीब कुत्री आहेत. त्यातलं एखादं न्या ना."

"गरिबांना कोणीही नेईल. याला कोण नेणार?"

"तो चावतो हो."

"घाबरतो म्हणून चावतो. तुझे साहेब तर उगाच चावतात."

प्यो हसला नाही. "पंधरा दिवसांनी तपासायला येईन. एक जरी चावा निघाला, तर माझ्या हातात काही नाही."

पंधरा दिवस मालसुकने त्याला मुसकं बांधून सहा मजले जिन्याने नेलं-आणलं, कारण लिफ्टमध्ये शेजारी असत. तिचे गुडघे बोंबलू लागले, पण चावा झाला नाही.

तपासणीला प्योच्या मागोमाग सोसायटीच्या अध्यक्षीणबाई बांग आत शिरल्या. "माझी नात याच जिन्याने शाळेला जाते. हे जनावर इथे नको."

"तिच्यासाठीच मुसकं बांधते," मालसुक म्हणाली. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

प्योने दात पाहायला मुसकं काढायला सांगितलं. मालसुकने एका हाताला पट्ट्याचे दोन वेढे घेतले, दुसऱ्या हाताने दोलची मान कवटाळली. तेवढ्यात बाईंनी त्याच्या नाकासमोर बोट नाचवलं. "बघा, कसा गुरगुरतोय."

"बोट मागे घ्या."

"का म्हणून?"

"बाई, मागे घ्या म्हणते ना."

दोलचा ओठ वर गेला. आता हा चावणार आणि मरणार, हे मालसुकला दिसलं. तिचे दोन्ही हात अडकले होते. मोकळं होतं ते फक्त तोंड. तिने मान पुढे काढली आणि बांगबाईंच्या बोटाला कडकडून चावली.

दोल गुरगुरायचा थांबला, मालकिणीकडे बघत राहिला आणि मुकाट्याने खाली बसला.

"ही मला चावली," बाई अखेर म्हणाल्या.

प्योने कागदाकडे पाहिलं. "इथे फक्त कुत्र्याचं विचारलंय." त्याने 'चावा नाही' असं लिहिलं. "पण काकू, चावणाऱ्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचा नियम आहे."

"ठेव की. मी कुठे पळतेय? पण कुत्रा इथून हलायचा नाही."

प्योने सहीसाठी पेन पुढे केलं. अगदी टोकाला धरून.