नादारीची जागा

बेळगावातल्या एका कॉलेजनं चौतीस साली गरीब व होतकरू विद्यार्थ्यासाठी नादारीची, म्हणजे बिनफीची, एक जागा जाहीर केली. ती न्यायानंच दिली जावी म्हणून कमिटीही नेमली.

जांबोटीच्या भरमू गावड्याचा परशराम मॅट्रिकला जिल्ह्यात वर आला होता. बाप-लेक पावसातून चालत मुलाखतीला आले. कोटाशिवाय आत घेत नाहीत म्हणून मास्तरांनी परशरामला आपला कोट घालायला दिला होता. जागेला दुसरा उमेदवार एकच, कमिटीतल्याच हरिभाऊ वकिलांचा शरद. निःपक्षपातीपणासाठी वकीलसाहेब सभासदाच्या खुर्चीवरून उठून शेजारच्या खुर्चीवर बसले.

"कोट कुणाचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"मास्तरांचा, साहेब. मागून आणलाय."

"म्हणजे वेळेला कोट देणारी माणसं आहेत तुला. शिकवणी कुणाची होती?"

"कुणाची न्हाय. गुरं राखत वाचत हुतो. लोकांचीबी राखतो, भात देत्यात."

"कमावता आहे," एका सभासदानं हळूच नोंदवलं.

मग शरद आला. त्याला घरी तीन मास्तर शिकवत होते आणि तो कसाबसा पास झाला होता.

"उत्पन्न माझं आहे," वकील नम्रपणे म्हणाले. "शरदचं स्वतःचं असं काहीच नाही."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "परशरामचं गरिबीनं काही अडलेलं दिसत नाही. ह्या मुलाचं मात्र सगळं असूनही अडलं आहे. खरी अडचण कुणाची, हे उघड आहे."

दारात उभा असलेला भरमू हात जोडून पुढं झाला. "साहेब, मग फुडल्या साली कोट न घालता आन् मार्क कमी पाडून आणू काय ह्याला?"

"तसं केलंत तर तयारी अपुरी ठरेल," अध्यक्ष समजुतीनं म्हणाले.

जागा एकमतानं शरदला मिळाली. पायऱ्यांवर वकिलांनी परशरामच्या खांद्यावर हात ठेवला. वकील मनानं चांगले होते. "शरदला कॉलेजचा अभ्यास झेपायचा नाही. तू घरी येऊन शिकवत जा. दोन वेळचं जेवण आमच्याकडे."

परशराम राहिला. शरदची पुस्तकं तो आधी स्वतः वाचायचा, मग शरदला समजावायचा. वाचताना तो असा रंगून जाई, की वरचं नाव दुसऱ्याचं आहे हे पान मिटेपर्यंत त्याच्या ध्यानात नसे. चार वर्षांनी शरद वरच्या वर्गात बी. ए. झाला. कॉलेजनं सत्कार केला. गरिबाला संधी दिली की तो काय करून दाखवतो, यावर अध्यक्ष बराच वेळ बोलले.

मागच्या बाकावर परशरामही टाळ्या वाजवत होता. शेजारच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी त्याला विचारलं, "आपलं शिक्षण किती?"

"बी. ए.पर्यंत झालंय. पास तेवढा दुसरा झाला."

गृहस्थांनी सगळी हकीकत काढून घेतली. त्यांना अतिशय वाईट वाटलं. हा धडधडीत अन्याय आहे, असं ते दोनदा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. ते रुमालानं टिपून ते परशरामच्या जवळ सरकले.

"आमचाही मुलगा यंदा मॅट्रिकला आहे. सवड असली तर येत चला."