करली आणि होकार

विलेपार्ल्याच्या उडप्याकडे भेटायचं, इडली-वडा खात कृणालच्या आईवडिलांशी लग्नाचं बोलायचं आणि चारपर्यंत गोरेगावला घरी परतायचं, असा श्वेताचा सरळ बेत होता. तो तिच्या बाबांनी, धोंडूभाऊ परबांनी मोडला.

"वेसाव्याची कोळी माणसं ती, नि त्यांच्यापुढे इडली ठेवणार? अगं, आपण मालवणची माणसं. मासेच खाऊ."

(माणसानं आपल्या गावाचा अभिमान बाळगावा, पण तो जेवणाच्या ताटापर्यंत नेऊ नये, हे त्यांना रविवारी दुपारी पावणेदोन वाजता कळायचं होतं.)

खरी गोष्ट अशी की, धोंडूभाऊंना माशाचे काटे काढता येत नसत. विमा कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांनी भल्याभल्यांच्या अर्जांतल्या चुका काढल्या होत्या, पण करलीतला काटा काही त्यांना कधी सापडला नाही. एकतीस वर्षं ही बातमी घराबाहेर गेली नाही, कारण त्यांची बायको विमला त्यांच्या डाव्या हाताला बसायची. गॅसचा सिलिंडर, शेजारच्यांचं भांडण, असं काहीबाही बोलत ती काटे काढायची आणि साफ केलेला मासा त्यांच्या पानाच्या कडेला सरकवायची. पाहुण्यांना वाटे, बाई आग्रह करतेय. श्वेतालाही तसंच वाटे.

दोन वर्षांपूर्वी विमला गेली. त्यानंतर धोंडूभाऊ फक्त कोळंबी आणि बोंबील आणू लागले. श्वेतानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. "बाबांनी आईच्या आठवणीत करली सोडली," असं तिनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. एक मावशी तर फोनवर रडली. धोंडूभाऊंनी खुलासा करायचं तीनचारदा मनावर घेतलं होतं. पण या वयात फुकट मिळालेला मान कोण परत करतो?

तर हॉटेलात काय मागवायचं हे त्यांनी घरूनच ठरवून ठेवलं होतं. सुरमई. मधे एकच काटा, तोही लपूनछपून न राहणारा. सोबत कोळंबी. अंधेरीचं ते हॉटेल साधंच होतं, पाण्याचे स्टीलचे जग आणि भिंतीवर पंखे. कृणाल, त्याचे वडील हरेश्वर आणि आई पार्वती आधीच येऊन बसले होते. हरेश्वरांची स्वतःची बोट होती. चेहरा गंभीर. 'बिल्डिंगमधली पोरगी आपल्या घरात टिकेल का? तिचा बाप आपल्याला मान देईल का?' ही त्यांची शंका कृणालनं श्वेताला आधीच सांगितली होती आणि श्वेतानं रिक्षात बाबांना तीनदा बजावून सांगितली होती. आज हरेश्वरांचं मन वळलं तर ठीक, नाहीतर कृणाल त्यांच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता.

"एक सुरमई फ्राय," धोंडूभाऊंनी वेटरला हाक मारली.

"थांबा वो!" हरेश्वर म्हणाले. "हॉटेलची मासली आमी नय खात. मालक वलखीचा हाय. आज पहाटे बोटीवर गावली ती करली मी देऊन ठेवलीय त्याला. खास तुमच्यासाठी."

श्वेता मदतीला धावली. "काका, खरं म्हणजे आई गेल्यापासून बाबा करली..."

हरेश्वरांच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी पाण्याचा ग्लास जरा लांब सरकवला. टेबलाखाली श्वेताचा पाय हलायचा थांबला.

"आज खाणार!" धोंडूभाऊ म्हणाले. (आवाज त्यांचाच होता.) "तुमच्या बोटीची करली, आणि मी नाही म्हणेन?"

"वा! मालवनचा मानूस!" हरेश्वर पहिल्यांदाच हसले.

करली आली. रव्यात तळलेल्या सोनेरी तुकड्या. बाहेरून अगदी सालस. आत केसासारखे, दोन-दोन टोकांचे शेकडो काटे. धोंडूभाऊंनी बोटांनी एक तुकडी उकरली, मग कुस्करली, आणि अखेर डोळे मिटून तोंडात टाकली.

"तर मंग," हरेश्वर पुढे वाकले, "पोरांचा तर ठरलाय. मला तुमच्या तोंडून ऐकायचाय. आमचं घर तुमाला पसंत हाय ना?"

त्याच क्षणी काटा रुतला.

धोंडूभाऊंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी एक बोट वर केलं.

"एक काय? एक अट हाय?"

धोंडूभाऊंनी जोरात मान हलवली. नकारार्थी.

"पसंत नय?"

आणखी जोरात मान हलली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"बाबा, बोला ना!" श्वेता कुजबुजली. कृणालचा चेहरा सोलकढीच्या रंगाचा झाला होता. धोंडूभाऊंनी सोलकढीचा अख्खा ग्लास घशात ओतला. काटा जागचा हलला नाही. घशातून नुसतीच एक घरघर निघाली.

हरेश्वरांनी खुर्ची मागं सारली. "चल गं. मी बोललो व्हतो तुला. ही माणसं तोंडावर नय बोलत. रडून दाखवतात."

"बस खाली," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांची नजर मघापासून धोंडूभाऊंच्या ताटावर होती. ताटात करलीचं पार भरीत झालं होतं. "मानसाच्या गल्यात काटा हाय, नि तू मानपान काय घेऊन बसलास?"

त्यांनी कोरड्या भाताचा लिंबाएवढा गोळा वळला आणि धोंडूभाऊंच्या हातावर ठेवला. "चावू नका. गिला."

धोंडूभाऊंनी गिळला. सगळं टेबल त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलं.

"पसंत आहे!" ते ओरडले. इतके, की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं टाळ्या वाजवल्या.

हरेश्वर बसले. मग हसले, मग टेबलावर हात आपटून हसले. पार्वतीबाईंनी मात्र धोंडूभाऊंचं ताट आपल्याकडे ओढलं. श्वेताशी हळदीच्या दिवसाबद्दल बोलत बोलत त्यांनी नवी तुकडी घेतली, काटे काढले आणि साफ मासा ताटाच्या कडेला सरकवला. धोंडूभाऊ त्या कडेकडे जरा वेळ बघत राहिले. मग जेवले. दोन वर्षांनी करली.

निघताना त्यांनी हळूच विनवलं, "विहीणबाई, हे आपल्यातच..."

"मी कोनाला सांगू?" त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सहाला कृणालनं दोन्ही घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. सव्वासहाला पार्वतीबाईंचा आवाज चौसष्ट माणसांना ऐकू आला: "सगल्यांनी ध्यानात ठेवा, व्याह्यांच्या पानात काटा ठेवू नका. त्यांना काढता नय येत." लगेच मालवणहून धोंडूभाऊंच्या भावजयीचं, सुनंदावहिनींचं उत्तर आलं: "पयली आमची सासूबाय काढून देय, मगे विमला. आता तुमीच बघा."

श्वेता फोन हातात घेऊन दारात उभी राहिली. "म्हणजे बाबा, दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की तुम्ही आईच्या आठवणीत करली सोडली..."

"आठवण तर यायचीच गं," धोंडूभाऊ म्हणाले. "प्रत्येक काट्याला."

श्वेता शेजारी येऊन बसली. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. हरेश्वरांनी लग्नाच्या जेवणाची सोय कळवली होती:

'व्याह्यांची काळजी नको. त्यांचं पान लहान पोरांच्या पंगतीत लावलंय.'