अडकलेला 'नाही'

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नवघर रोडवरच्या आमच्या आख्ख्या बिल्डिंगमध्ये घरात मीडिया सर्व्हर असलेला माणूस एकच होता. मी! लोक सीडीच्या दुकानात रांगा लावत होते, कॅसेटी पुसत बसत होते, तेव्हा आमच्या शोकेसमध्ये टीव्हीच्या खाली एक जुना कॉम्प्युटर घरघरत होता. त्यात लिनक्स, त्यातच गाणी, फोटो आणि सिनेमे. बटण दाबलं की सगळं टीव्हीवर हजर!

"पिठाची गिरणी आहे ती," रीमा म्हणायची. रीमा म्हणजे आमची बायको.

"सर्व्हर आहे तो! विंडोजसारखा लटकत नाही. लिनक्स म्हणजे लिनक्स!"

तर या सर्व्हरचा खरा मुहूर्त मी ठरवला सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा. प्लॅन फर्स्टक्लास होता. ऑफिसातल्या यतीनचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणला. रीमाने आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, भाजी घ्यायच्या निमित्ताने बाहेर काढलं, आणि तेवढ्यात मी आमच्याच हॉलमध्ये सासरेबुवा काशीनाथराव आणि त्यांची बहीण मनोरमाआत्या या दोघांची मनोगतं रेकॉर्ड केली. टेप कॉम्प्युटरवर चढवली आणि कॅमेरा टेपसकट यतीनला परत केला. क्वालिटी मी सगळ्यात वरची ठेवली होती. तिथे तडजोड नाही! तेवढ्यासाठी नवी मोठी हार्ड डिस्कसुद्धा बसवली. सुरुवातीचं 'हं... हं... चालू झालं का?' एवढं बघितलं आणि खूश होऊन बंद केलं. पुढचं काय बघायचं? माझ्यासमोरच तर बोलले होते!

रविवारी सकाळी मंडळी जमली. आईंना मधोमध बसवलं. आत्या वसईहून खास आल्या होत्या, नवी साडी नेसून. आपण टीव्हीवर दिसणार हे फक्त त्यांना आणि बाबांना ठाऊक. दोघंही दहावीचा निकाल असल्यासारखे बसले होते.

"आई, आता बघा!" मी म्हणालो आणि बटण दाबलं.

पडद्यावर बाबा आले. आईंनी तोंडाला पदर लावला. बाबा बोलू लागले...

"गिरिजा... चाळीस वर्षांच्या... सं... सं... संसारात..."

बाबांचा चेहरा गोठला. मग मान एकदम डावीकडे उडाली. मग तोंड उघडं ते उघडंच.

"...तुझ्याशी लग्न केल्याचा पश्चात्ताप... मला... झाला..."

आणि चित्र थांबलं! बाबा पडद्यावर डोळे अर्धवट मिटून स्तब्ध.

"झाला?" आई म्हणाल्या.

"अगं, झाला *नाही*! पुढे 'नाही' आहे!" सोफ्यावरचे बाबा ओरडले.

"मग कुठे आहे?"

"कौस्तुभराव, 'नाही' कुठे आहे?"

"आहे बाबा, आहे. हार्ड डिस्कमध्ये अडकलाय."

"चाळीस वर्षं यांच्या घशात अडकला होता," आई म्हणाल्या, "आता तुमच्या डिस्कमध्ये!"

मी म्हटलं, काळजी नको. मशीन गरम झालं असेल. शोकेसमधून बाहेर ओढलं, पत्रा काढला, टेबलफॅन आणून आत वारा सोडला. कॉम्प्युटरच्या पोटात साठलेली सगळी धूळ उडाली आणि आत्यांच्या नव्या साडीवर जाऊन बसली! आत्या शिंकल्या. बाबा शिंकले. परत चालू केलं, तर पडद्यावरचे बाबा मात्र जिथल्या तिथे अडकले, "झाला..." आता तर त्यांनी तीनदा सांगितलं. "झाला... झाला... झाला..."

"कळलं हो मला! एकदा सांगितलंत तेवढं पुरे आहे!" आई.

मग माझ्या डोक्यात आलं की आवाज चित्राची वाट बघतोय, म्हणून दोघंही अडकतायत. आवाजाला म्हटलं, तू हो पुढे! सेटिंग बदललं. पडद्यावर पुन्हा बाबा आले, मारुतीसारखे हात जोडून. चित्र रांगत होतं आणि आवाज तुकड्यातुकड्याने का होईना, पण पुढे पळाला. इतका पुढे पळाला, की बाबांचं भाषण संपून आत्यांचं सुरू झालं, तरी पडद्यावर बाबाच! भरघोस मिशांमधून बायकी आवाज आला...

"गिरिजावहिनींनी मला... परकं मानलं... माहेरपणाला आले की रोज... टोमणे..."

बाबा दचकून स्वतःच्या मिशांकडे बघायला लागले. आईंनी मात्र आवाज बरोबर ओळखला.

"मनोरमावन्सं! मी तुम्हाला टोमणे मारले?"

"अहो वहिनी, मी असं बोललेच नाही!"

"मी बहिरी आहे का? सगळ्यांनी ऐकलं!"

"यांनी काहीतरी कापलंय! कौस्तुभराव, तुम्ही माझं भाषण कापलंत?"

"आत्या, मी कशाला कापू? फ्रेम ड्रॉप होतायत, मधले तुकडे गळतायत!"

"काहीतरी इंग्लिशमध्ये बोलून मला गप्प करू नका! रीमा, माझी पिशवी दे. मी चालले. आणि वहिनी, एक सांगते, मी तेव्हा बोलले नव्हते, पण आता विषय निघालाच आहे म्हणून... माझ्या डोहाळजेवणाला तुम्ही डोकं दुखतंय म्हणून आला नव्हतात!"

"दुखतच होतं!"

"तीन दिवस?"

संपलं! पदर खोचले गेले. रीमा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेवर चहा उकळला असता. तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गोवर्धनभाई दारात उभे.

"कौस्तुभभाई, झगडा हो रहा है क्या?"

"नहीं नहीं, व्हिडिओ देख रहे हैं."

"अच्छा? बहुत ज़ोरदार पिक्चर लगता है!" म्हणत ते आत येऊन बसलेसुद्धा. पडदा बघून म्हणाले, "अरे, यह तो अटक रहा है. मेरे घर से डीव्हीडी प्लेयर ले आऊं?"

डीव्हीडी प्लेअर! माझ्या घरात! मी कानावर हात ठेवले आणि यतीनला फोन लावला.

"यतीन, ती टेप आहे ना तुझ्याकडे? घेऊन ये, अर्जंट!"

"ती? त्यावर मी परवा मुलीचं गॅदरिंग घेतलं रे. का?"

म्हणजे तो 'नाही' आता जगात फक्त एकाच ठिकाणी होता, माझ्या डिस्कमध्ये. तो बाहेर आला नाही, तर सासऱ्यांचा संसार मोडला, आत्यांचं माहेर तुटलं आणि माझं काय होईल ते तर विचारूच नका! मी कोपऱ्यात जाऊन त्याला सगळं सांगितलं.

"नवी डिस्क टाकलीस ना?" यतीन म्हणाला. "मग त्याचा डीएमए बंद पडला असणार. म्हणजे कसं, डिस्कमधला माल थेट मेमरीत जायचा रस्ता असतो. तो बंद असला की सगळा माल बिचाऱ्या प्रोसेसरला डोक्यावर वाहावा लागतो. वरसावे पुलावर एक लेन बंद केली की हायवेचं काय होतं?"

"दहिसरपर्यंत लाइन!"

"तेच झालंय. कमांड सांगतो, लिहून घे. एच..."

"एच."

"डी, डहाणूचा डी. पी, पालघरचा पी. ए, आर. मग एम..."

"एन?"

"एम! मिरा रोडचा एम! पुढे डॅश, डी, एक."

टीव्हीवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. आत्या पिशवी काखेत मारून दारात उभ्या होत्या, त्यासुद्धा थबकल्या.

"हे काय, भूत उतरवताय का?"

मी एंटर दाबलं. डोळे मिटले. व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

आणि काय सांगू! बाबा असे बोलू लागले, जसं तुपाची धार सुटावी! "गिरिजा, चाळीस वर्षांच्या संसारात तुझ्याशी लग्न केल्याचा पश्चात्ताप मला एकदाही झाला नाही!"

"आला! 'नाही' आला!" बाबा सोफ्यावरून उडालेच. आईंनी पदराने डोळे पुसले. पाठोपाठ आत्या आल्या, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या आवाजात. "गिरिजावहिनींनी मला कधीच परकं मानलं नाही. माहेरपणाला आले की रोज माझ्या आवडीचं करून घालायच्या. टोमणे तर कधी ऐकलेच नाहीत!"

पिशवी खाली पडली. नणंद-भावजय गळ्यात पडल्या. डोहाळजेवणाचा विषय दोघींनी मिळून मागे घेतला. बाबांनी माझी पाठ थोपटली. "हुशार आहेत हो आमचे जावई!" मी टीव्हीला टेकून उभा राहिलो, रीमाकडे बघत भुवया उडवल्या. पिठाची गिरणी काय!

या आनंदात व्हिडिओ बंद करायचं मात्र राहून गेलं. पडद्यावर आता आमचा पंखा दिसत होता. त्या दिवशी बाबा आणि आत्या खाली उतरल्यावर मी कॅमेरा सोफ्यावर टाकला होता. चालूच! आणि माझाच आवाज खणखणीत आला...

"हॅलो यतीन? झालं रे शूटिंग, सुटलो एकदाचा! सासऱ्यांचं भाषण ऐकता ऐकता मला डुलकी लागली. आत्या म्हणजे रिक्षाचा अडकलेला हॉर्न, थांबतच नाहीत! आणि सासूबाई आल्या की विचारू नकोस. हे मीठ इथे का, तो डबा तिथे का. स्वतःच्याच घरात मला पाहुण्यासारखं वाटतं..."

मी कीबोर्डवर झेप घेतली. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि आवाज मोठा झाला!

एक अक्षर तुटलं नाही. एक फ्रेम ड्रॉप झाली नाही. गोवर्धनभाईंना मराठी जेमतेमच कळायचं, ते खूश होऊन टाळ्या वाजवायला लागले. "अरे वाह! अब देखो, एकदम मक्खन!"

आई शांतपणे माझ्याकडे वळल्या.

"कौस्तुभराव, याच्या पुढे कुठे 'नाही' आहे का?"

नव्हता.

दुपारी जेवायला श्रीखंड होतं. जावयाला आग्रह करकरून वाढायची आमच्या सासरी मोठी पद्धत. आईंनी गोवर्धनभाईंना तीनदा वाढलं, त्यांनी पानावर हात आडवा धरला तरी वाढलं. मी तर माझी वाटी जरा पुढेच सरकवून ठेवली होती. भांडं माझ्यापर्यंत आलं, तेव्हा आत्यांनी त्यावर झाकण ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "पाहुण्यांना गोड चालत नसेल, वहिनी."